घरात बाहेरचं कुणी

"न्हाई बा," मी म्हटलं आणि परत मिरच्यांची देठं खुडायला लागले. झालं ते एवढंच. दारात एक कोवळा हवालदार उभा होता, वर्दीची घडीसुद्धा मोडली नसावी असा नवा, आणि त्यानं विचारलं होतं, "काकी, घरात कुणी परदेशी नागरिक ऱ्हातोय काय?" माझ्या मांडीवर ब्याडगी मिरच्यांचं सूप, बोटं चुरचुरायलेली, नाकात खकाणा आणि डोक्यात डंकावर चटणी कुटायला नंबर कधी लागतोय ह्याचा घोर. "परदेशी? आमच्यात? न्हाई बा. परदेशी लोकं तिकडं भवानी मंडपात बघा, टोप्या घालून फोटो काढत हिंडत्यात." तो बिचारा खकाण्यानं शिंकायला लागला, "बरं बरं" म्हणाला आणि नाक पुसत गल्लीच्या तोंडाला गेला. आणि ज्याच्यासाठी तो आलता, तो त्या वेळी माझ्या डोक्यावर, गच्चीत, अनवाणी पायानं संकेश्वरी मिरची हलवत होता. स्लॅबवर त्याच्या पायांचा धपधप आवाज मला ऐकू येत होता. म्हणजे मी लपवलं न्हाई. खोटं बोलले न्हाई. अंबाबाईची आण, मला खरंच वाटलं की न्हाई.

त्या एका 'न्हाई'पायी आज मी कोर्टात बसलेय. सर्किट बेंच आता आपल्या गावातच आलंय, सीपीआर दवाखान्याच्या समोर; आधीच्यासारखं असतं तर मुंबईला जायला लागलं असतं आणि तिथं मी काय बोलले असते देव जाणे. इथं निदान बाहेर रिक्षावाल्यांचा कालवा ऐकू येतोय, दवाखान्याच्या दारातल्या भडंगवाल्याचा आवाज येतोय, त्यानं जिवाला जरा बरं वाटतंय. बाकी मग सगळं गार. फरशी गार, बाक गार, काळ्या कोटातली माणसं हळू बोलणारी. आमच्या पेठेत एवढं हळू फक्त कुणी मेल्यावर बोलत्यात. माझ्या पुढच्या बाकावर मन्या बसलाय. आमच्या मालकांचा पांढरा शर्ट घातलाय त्यानं, बाह्या मनगटाच्या लई वर थांबल्यात. मन्या म्हणजे पासपोर्टवर एमॅन्युएल ओवुसू, गाव कुमासी, देश घाना. आमच्या जांभळकट्टा तालमीचा सेंटर फॉरवर्ड. कोल्हापुरात पेठा पेठांच्यात फुटबॉलवरनं काय चालतं ते गावाबाहेरच्याला सांगून पटायचं न्हाई; हंगाम आला की प्रत्येक तालीम कुठनं कुठनं खेळाडू आणती आणि मग सगळी पेठ त्याला पोरगा म्हणून डोक्यावर घेती, हरला तर शिव्याबी पोरालाच द्याव्या तशा देती. आमचे मालक, बाळासो, तालमीचे उपाध्यक्ष. तेव्हा शिव्या आणि कौतुक दोन्ही आमच्या उंबऱ्यावर आधी येतं.

झालं असं, की मन्यानं व्हिसा वाढवून मागितला. अर्जात पत्ता आमचा घातला. पत्ता खरा का खोटा बघायला तो हवालदार आला, त्याला मी 'न्हाई' म्हटलं, त्यानं इमानदारीत तसंच लिहिलं. मग वरनं कागद आला: घरमालकीण सांगते की असा इसम इथं राहत नाही, म्हणजे पत्ता खोटा दिला, म्हणजे अर्ज फेटाळला, देश सोडून जा. आणि नुसतं जा न्हाई. खोटा पत्ता दिलेला माणूस म्हणून नाव लागणार, मग परत ह्या देशात पाय ठेवायचा न्हाई, दुसऱ्या देशांचंबी दार वाजवताना हे पुढ्यात येणार. पोरगं खेळावर पोट भरतंय. त्याच्या कपाळावर 'खोटा' म्हणून शिक्का मारला तो मी, आणि मारताना मला वाटत होतं मी त्याला पदराखाली घेतेय. तो कागद मालकांनी वाचून दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अवो, मी कधी म्हटलं ऱ्हात न्हाई म्हणून? मी म्हटलं परदेशी न्हाई." मालकांनी कागदाची घडी खिशात घातली आणि पायात चपला सरकवल्या.

तो घरात आला कसा, ते सांगते. पैला हंगाम तो तालमीच्या वरच्या खोलीत होता, बाकीच्या बाहेरच्या खेळाडूंबरोबर. उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. काळ्या माणसाची कावीळ दिसत न्हाई म्हणून पोरं म्हणत होती की नाटकं करतोय, पुढच्या मॅचला उतरायचं न्हाई म्हणून. मी डबा द्यायला गेलते. त्याच्या डोळ्यांत बघितलं, हळदीसारखं पिवळं. मालकांना तिथंच झाडलं, "उपाध्यक्ष म्हणवून घेता आणि पोरगं मरायला टाकलंय व्हय?" आणि रिक्षात घालून घरी आणलं. जरा बरा होईपर्यंत म्हणून आणलं. ताक-भात आणि उसाचा रस; तेल न्हाई, तिखट न्हाई. पंधरवड्यानं तो उठून बसला आणि भांड्यांच्या मांडणीतनं स्वतःचं ताट स्वतः काढून घ्यायला लागला. मग त्याला जा म्हणायचं कुणी? मग सकाळी मोरीत कुणी कुणानंतर जायचं त्यात त्याचा नंबर ठरला. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला मालक आणि तो बरोबर जायला लागले. रविवारी तो न्हाऊनधुऊन चर्चमध्ये जातो आणि येताना माझ्यासाठी फुलं आणतो, मी ती देवाला वाहते. एका देवाकडनं दुसऱ्याकडं गेली, फुलाला काय त्याचं.

पण खरं सांगायचं ते वेगळंच हाय आणि ते मी कुणाला बोललेले न्हाई. कावीळीत तो पडून असायचा तेव्हा त्याला मराठी येत न्हवतं आणि मला इंग्रजी येत न्हाई. मुकं मुकं किती बसणार माणूस? त्याच्या उशाला बसून डोक्यावर ओली पट्टी ठेवताना एक दिवस माझ्या तोंडातनं आलं, "ऊट आत?" जेवलास का, म्हणून. कानडी. मी चिकोडीकडची. आमच्या घरात अप्पा मराठी बोलायचे आणि अव्वा कानडी, आणि आम्ही पोरं ज्याला जे हवं ते. लग्न होऊन ह्या पेठेत आले आणि ते बोलणं पेटीत घातल्यासारखं झालं. अव्वा होती तवर माहेरी गेलं की बाहेर निघायचं, ती गेल्यावर तेबी संपलं. आणि त्या दिवशी मला एकदम वाटलं, ह्याला मराठी काय आणि कानडी काय, दोन्ही सारखंच कळत न्हाई! मग काय, मी सुटलेच की. दुपारभर त्याच्याशी कानडीत बोलत बसायची. अव्वा जोंधळ्याची भाकरी कशी थापायची, अप्पांचा बैल विहिरीत कसा पडला, अक्काच्या लग्नात पाऊस कसा आला, सगळं. तो "हं, हं" म्हणत ऐकायचा. इतकं चांगलं कुणी माझं ऐकून घेतलं न्हवतं. बरा झाल्यावर त्या लेकरानं काय केलं, पैला शब्द शिकला म्हणून पेठेत ज्याला त्याला "ऊट आत? ऊट आत?" विचारत सुटला. त्याला वाटलं हीच मराठी! कट्ट्यावरची पोरं म्हणाली, घानाची भाषा असंल. मला तो 'अव्वा' म्हणायला लागला, तर शेजारच्या धोंडुबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, त्यांच्या देशात आईला अव्वा म्हणत्यात वाटतं." मी नुसती हसले. नंतर त्याला मराठी आलं, आमच्या पेठेचं आलं, म्हणजे शिव्यांसकट आलं, पण 'अव्वा' तेवढं राहिलं.

"काकू, पाणी हवंय का?" शेजारी बसलेली भैरवी विचारते. ही आमची वकील. बारीक चणीची, चष्मा, बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकातलं. तालमीतले लोक वर्गणी काढतो, मुंबईचा मोठा वकील आणतो म्हणून उड्या मारायलते. मन्यानंच मान हलवली, माझ्यापायी नको म्हणाला. मग कुणीतरी सांगितलं की विधी सेवा समिती म्हणून असती, ती फुकट वकील देती. मालकांना पटेना. "आपल्या लोकांस्नी देत असतील. परदेशी माणसाला सरकार सरकारच्याच इरोधात वकील कशाला दिल?" तर दिला की! भैरवी पैल्यांदा घरी आली तेव्हा मालकांनी तिलाबी तेच विचारलं. ती म्हणाली, "काका, मदत मागायला नागरिक असायची अट नाही. घटनेत काही हक्क फक्त नागरिकांना दिलेत आणि काही 'व्यक्तीला' दिलेत. जगण्याचा, स्वातंत्र्याचा, कायद्यापुढं समान असण्याचा हक्क व्यक्तीला आहे. भारताच्या जमिनीवर उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला. त्याला न विचारता, त्याचं म्हणणं ऐकून न घेता हाकलता येत नाही." मालक म्हणाले, "म्हंजे रेफरीनं रेड कार्ड दाखवायच्या आधी फाऊल झालाय का ते बघायला पायजे." ती म्हणाली, "तसंच." तेव्हापासनं मालकांचा तिच्यावर जीव बसला. मला मात्र तिनं लई छळलं.

छळलं म्हणजे, रोज संध्याकाळी तालीम. तालमीत घेत्यात तशी तालीम, माझ्या स्वयंपाकघरात. ती पाटावर बसायची आणि विचारायची, "संयोगिता काकू, तुमच्या घरात कुणी परदेशी नागरिक राहतो का?" मी म्हणायची, "व्हय, मन्या ऱ्हातो, पण तो परदेशी न्हाई." ती कपाळावर हात मारायची. "काकू! तो परदेशी नाही म्हटलं, तर व्हिसा कशाला मागतोय तो?" "मग नगा मागू व्हिसा. कशाला पायजे? आम्ही सांभाळतो की." भैरवी हसायची, मग चष्मा काढून पुसायची, मग पैल्यापासनं समजवायची. "हे बघा. परदेशी असणं म्हणजे शिवी नाही. कायद्यात ती एक जागा आहे. त्या जागेवर उभं राहिलं, तरच त्याला त्याचे हक्क मागता येतात. तुम्ही प्रेमानं त्याला त्या जागेवरून ओढून आत घेताय, पण आतल्या जागेचा कागद त्याच्याकडं नाही. म्हणजे तो कुठंच उभा राहत नाही." मला ते सगळं कळायचं. कळून तोंडातनं यायचं न्हाई. मन्या समोर बसून भाकरी खात असताना त्याच्या तोंडावर 'हा परदेशी' म्हणायचं? जेवत्या ताटावरनं उठवल्यागत व्हायचं मला. आणखी एक म्हणजे, घरी परदेशी माणूस आला की चोवीस तासांच्या आत कळवायला लागतं, तो कायदाच हाय म्हणे. घराला वाटलं तालमीनं कळवलं असंल, तालमीला वाटलं घरानं. खरं म्हणजे कुणालाच काय वाटलं न्हवतं. मालक म्हणाले, "पावण्याची वर्दी पोलिसात? आमच्यात असली रीत न्हाई, वकीलबाई." भैरवी म्हणाली, "आता पाडा." दुसऱ्या दिवशी जाऊन ती नोंद केली.

आमचा पुकारा अजून झाला न्हाई. पुढं कुणाचं तरी जमिनीचं चाललंय, इंग्रजीत. खिडकीतनं बघितलं तर रस्त्याच्या पलीकडं तालमीची पोरं जमल्यात, निळ्या जर्सी घालून, घालू नका म्हणून निक्षून सांगितलेलं असताना. भैरवीनं काल दम दिला होता, "ही मॅच नाही, शिट्ट्या वाजल्या तर मीच वकीलपत्र टाकून जाईन." तेव्हा शिट्ट्या न्हाईत, पण जर्सी हाय. आणि गंमत बघा, त्यांच्यात चार पिवळ्या जर्सीबी दिसतायत, पलीकडच्या तालमीच्या. दोन पेठांच्यात पिढ्यान् पिढ्या वैर. काल त्यांचा अध्यक्ष आमच्या दारात येऊन मालकांना म्हणाला, "बाळासो, मन्याला काय बी करून थांबवा. त्याला एकदा हरवल्याबिगर आमच्या पोरांस्नी झोप लागायची न्हाई." मालक म्हणाले, "मग जन्मभर जागं ऱ्हावा." दोघं हसले, च्या पिले. मला वाटलं, जज्जसाहेबांनी खिडकीतनं एवढंच बघावं आणि निकाल द्यावा.

माझ्या मनात मात्र सकाळपासनं आत्याबाई येऊन बसल्यात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन लई वर्षं झाली. नवी लग्न होऊन आले तेव्हा हळदीकुंकवाला बायका आल्या की आत्याबाई सांगायच्या, "ही आमची कानडी." वाईट बोलायच्या न्हाईत, पण तसंच बोलायच्या. नळावर, देवळात, भाजी घेताना, सगळीकडं मी कानडी. भाकरी जाड झाली की कानडी, हसले मोठ्यानं की कानडी, आणि एकदा चुलीवर हात भाजला आणि तोंडातनं "अव्वा!" आलं तर धाकट्या नणंदेनं महिनाभर नक्कल केली. मी उशीत तोंड घालून रडलेले हाय. तेव्हापासनं 'बाहेरची' ह्या शब्दाचा मला राग हाय. म्हणूनच त्या हवालदारानं विचारलं आणि माझ्या तोंडातनं 'न्हाई' असं झटकन आलं असंल, असं मला एवढे दिवस वाटत होतं. आज ह्या गार बाकावर बसल्यावर आठवलं ते वेगळं. शिरगणतीला एक मास्तर आलते. आत्याबाई दारात बसून एकेकाची नावं सांगत होत्या आणि मी आत च्या गाळत होते. मास्तरांनी विचारलं, "भाषा?" "मराठी." "सूनबाईंची काय? त्या सीमेपलीकडच्या ना?" मी गाळणं हातात धरून उभी. आत्याबाई म्हणाल्या, "घरात बाहेरचं कुणी न्हाई, मास्तर. समद्यांची मराठीच लिव्हा." तो दिवस! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासनं त्यांनी मला कधी कानडी म्हटलं न्हाई. मी घरातली झाले. च्या घेऊन बाहेर गेले तेव्हा माझे पाय जमिनीवर न्हवते.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी भांडी घासताना मला रडू आलं होतं. कशाला आलं ते मला कळलं न्हवतं, मी म्हटलं आनंदानं असंल. आनंदानं न्हवतं. मास्तरांनी लिहिलं आणि माझी अव्वा पुसली गेली होती. माझं गाव, अप्पांचा बैल, अक्काच्या लग्नातला पाऊस, सगळं एका 'न्हाई'त गेलं. आत्याबाईंनी मला आत घेतलं, आणि आत घेताना माझं गाठोडं दाराबाहेर राहिलं. त्यांचं मन चांगलंच होतं. माझंबी चांगलंच होतं की, मिरच्यांचं सूप मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा. मी पुढ्यात बघितलं. मन्याची मान, तिच्यावर शर्टाची कॉलर, कानामागं लहानपणीचा एक व्रण, मांजरानं ओरखडलेला, त्याच्या आईनं त्यावर कसला पाला लावला होता ते त्यानं मला सांगितलंय. त्याची आई कुमासीच्या बाजारात सुकी मासळी विकती. तिच्याकडंबी तिखटजाळ काळी चटणी असती, सुक्या मासळीची, तिला ते 'शिटो' म्हणत्यात. "शी! असलं नाव कुणी ठेवतं व्हय?" मी म्हटलं होतं, तर तो हसून हसून गडबडा लोळला होता. हे सगळं त्याचं हाय. मी 'न्हाई' म्हटलं तेव्हा ही बाई, तिचा बाजार, तिची चटणी, हे सगळं मी दाराबाहेर ठेवलं. मला एवढी लाज वाटली आणि त्याच वेळी असं मोकळं वाटलं, की बाकावर बसल्या बसल्या मी मोठ्यानं हसले. भैरवीनं मला कोपरानं ढोसलं. आमचा पुकारा झाला होता.

भैरवी उभी राहून इंग्रजीत बोलली. लहानखुरी पोरगी, पण आवाज खणखणीत. सरकारी वकील बोलले, त्यांच्या बोलण्यात मला एवढंच कळलं की ते माझा 'न्हाई' पुन्हा पुन्हा दाखवत होते. साहेबांनी कागद चाळले, चष्म्यावरनं बघितलं आणि मराठीत विचारलं, "त्या बाई आल्यात का?" मी उठले. पदर सावरला. भैरवी कुजबुजली, "नुसतं 'होय' म्हणा." साहेब म्हणाले, "घाबरू नका. मला एवढंच सांगा. तुमच्या घरात कुणी परदेशी नागरिक राहतो का?"

"व्हय साहेब," मी म्हटलं. "ऱ्हातो. एमॅन्युएल ओवुसू त्याचं नाव. घाना देशाचा हाय. गाव कुमासी. त्याच्या आईचं नाव आकोसुआ, ती बाजारात सुकी मासळी विकती. तो परदेशी हाय आणि माझ्या घरात ऱ्हातो." नाव नीट यावं म्हणून मी ते आठवडाभर मोरीत दार लावून घोकलं होतं. साहेब जरा पुढं वाकले. "मग आधी नाही का म्हणालात?" हे आमच्या तालमीत न्हवतं. मी म्हटलं, "साहेब, मी मिरच्या निवडत होते. घरातली माणसं मोजायची सवय नसती. काखेत कळसा आणि गावाला वळसा झालं बघा, तो माझ्या डोक्यावर गच्चीत मिरच्या हलवत होता." मागनं कुणीतरी फिसकन हसलं. सरकारी वकील म्हणाले, "तुम्ही वेळेत पोलिसांना कळवलं नाहीत, हे मान्य आहे?" "मान्य हाय. ती चूक माझी आणि आमच्या मालकांची. त्याची न्हाई. त्यानं पत्ता खरा दिला. खोटं कोण बोललं असंल तर मी, आणि मलाबी ते माहीत न्हवतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग त्यांनी बराच वेळ इंग्रजीत सांगितलं आणि शेवटी माझ्याकडं बघून मराठीत, "त्याला एकदा विचारायला हवं होतं. तो आदेश रद्द केलाय. पोलीस परत येतील, नव्यानं बघतील, मग अर्जाचा निर्णय होईल. तोपर्यंत त्याला कुणी जा म्हणणार नाही. आणि बाई, या वेळी दारात आलेल्या माणसाला नीट उत्तर द्या."

बाहेर आल्यावर शिट्ट्या वाजल्याच. भैरवीनं काय केलं न्हाई, तीच हसत होती. मालक पायरीवर सगळ्यांना सांगायलते, फाऊल न्हवता, फाऊल न्हवताच. मी मन्याकडं बघायला कचरत होते. म्हटलं, भरल्या कोर्टात त्याला परदेशी म्हटलं, पोराला काय वाटलं असंल? तर तो वाकला, उंच हाय ना, त्याला वाकावं लागतं, आणि म्हणाला, "अव्वा, पैल्यांदा माझं नाव बरोबर बोललीस. माझ्या आईचं पण." मग मात्र मी रडले. सीपीआरच्या दारात, भडंगवाल्यासमोर, धो धो रडले आणि मला त्याची काय लाज वाटली न्हाई.

त्या रात्री जेवताना मी त्याला 'अव्वा' कुठल्या गावचं, कुठल्या भाषेतलं ते सांगून टाकलं. चटणी तोवर व्हायची राहिलीच होती. डंकावर नंबर गेला, मिरच्या परत गच्चीत नेल्या. म्हणून तो कोवळा हवालदार परत आला तेव्हा मी तशीच दारात सूप घेऊन बसलेले, फक्त ह्या वेळी मन्या जिन्यावर बसून देठं खुडत होता. हवालदार लांबच थांबला, आधीच रुमाल नाकाला लावून. त्यानं घसा खाकरला आणि कोर्टातल्यापेक्षा जास्त गंभीरपणे विचारलं, "काकी, घरात कुणी परदेशी नागरिक ऱ्हातोय काय?" "ऱ्हातोय," मी म्हटलं. "हा काय, ह्यो. एमॅन्युएल ओवुसू." त्यानं लिहून घेतलं, पासपोर्ट बघितला, मन्याकडं बघून मान हलवली. "आणि आणखी बाहेरचं कुणी ऱ्हातंय काय घरात?" मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं होतं. जिन्यावरनं मन्याचा आवाज आला. "हाय की. ही. चिकोडीची. कानडी."

पेठेत गेल्या तीस वर्षांत हे कुणी बोललं न्हवतं. आत मालकांचा पेपर वाजायचा थांबला. मी मूठभर देठं उचलून त्या टोणग्याच्या अंगावर फेकली आणि हसू आवरेना म्हणून सूप बाजूला ठेवलं. हवालदाराला काय करावं कळेना. पेन तसंच धरून तो एकदा मन्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. "काकी, हेबी लिव्हायचं काय?"

"लिव्हा की," मी म्हटलं. "चिकोडी. भाषा कानडी. आणि आत या, पावणं, च्या घिऊन जावा. ऊट आत?"